गुरुजी सायकलनं गेले म्हणे!

"गुरुजीनं गाडी विकली काय वं?"

भिंतीवरून आधी काकूंचा प्रश्न आला, मागून काकू आल्या. हातात सूप, सुपात तुरीच्या शेंगा.

"नाही काकू. गाडी आहे ना अंगणात, कव्हर घालून ठेवली."

"मंग त्या रोजी दोघं नवरा-बायको सायकलीवर काऊन गेले? मी दुधासाठी उभी होती. पाहतो तं पुढं गुरुजी, मागं सिस्टर, दोघांच्या डोक्यावर ते हेल्मेटाचं टोपलं. म्हनलं, पेन्शन अटकली का काय बापा!"

आमच्या गल्लीत कोणी नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. दारात गाडी असताना सायकल काढली, तर आधी कुठल्या डॉक्टरनं सांगितलं ते विचारतात, आणि डॉक्टरनं सांगितलेलं नसेल तर कर्ज किती झालं ते. गुरुजी म्हणजे कोपऱ्यावरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, इतिहास शिकवायचे. सिस्टर त्यांच्या बायको. आरोग्य केंद्रात नोकरी झाली, गल्लीत अजून सगळे सिस्टरच म्हणतात. दोघं काल रात्री परत आले आणि आज सकाळी सिस्टरनं मला सगळं सांगितलं. काकूंना ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, असा योग या भिंतीवर क्वचित येतो. मी कपड्यांची बादली खाली ठेवली.

"काकू, ते सुट्टीवर गेले होते. फिरायला."

"कोठी?"

"सेवाग्राम, पवनार, सेलू, बोरधरण, सिंदी, गिरड, हिंगणघाट. आणि परत."

"अवं, हे का सुट्टीचे गावं आहेत? हे तं लगनाले जायचे गावं आहेत! सुट्टीले लोक महाबळेश्वरले जाते. नाई तं चिखलदऱ्याले."

खूळ मुळात इंग्लंडातलं, हे मी काकूंना सांगितलं. गुरुजींचा मुलगा तिकडे आहे. मागच्या उन्हाळ्यात दोघं त्याच्याकडे गेले होते. मुलाला सुट्टी कमी, आई-बापाला दिवसभर घरात करमेना. त्यानं दोघांना सायकलच्या सहलीवर पाठवून दिलं. कॉट्सवोल्ड्स म्हणून टेकड्यांचा मुलूख आहे, ऑक्सफर्डच्या पश्चिमेला, तिथं. त्यासाठी कंपन्याच असतात. पैसे भरायचे. सायकल त्यांची, नकाशा त्यांचा, रोजच्या मुक्कामाचं घरही त्यांनीच ठरवलेलं. सकाळी आपण निघालो की आपली बॅग त्यांच्या गाडीतून पुढच्या गावी जाऊन पडते. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर. वाटेत थांबा, झोपा, गाई पाहा, कोणी घाई करत नाही. कारण बरोबर कोणी नसतंच.

"बरोबर कोणी नाई, मंग पैसे कायचे?"

"बरोबर कोणी नसण्याचेच, काकू."

काकूंनी शेंग सोलता सोलता माझ्याकडं पाहिलं. "आमचे हे सारी नोकरी सायकलनं जिनिंगात गेले. बरोबर कोणी नव्हतं. त्याइनं तं उलट पगार घेतला."

खरं सांगायचं तर मलाही सिस्टरनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा असंच वाटलं होतं. वर्ध्यात सायकल म्हणजे सायकल परवडते म्हणून चालवायची वस्तू. पोरगं दहावी झालं की ती भंगारात जाते. पण सिस्टरनं फोनवर फोटो दाखवले, आणि मी जरा थांबले. पिवळसर दगडाची घरं, मधासारखा रंग. अरुंद रस्ता, दोन्हीकडे कापून नीट ठेवलेली झाडांची कुंपणं. चर्चचा मनोरा. आणि त्यात आपल्या सिस्टर, पंजाबी ड्रेस, पायात बूट, सायकलला टेकून उभ्या.

"गुरुजी म्हणतात, ती सगळी घरं लोकरीची."

"दगडाची म्हनली ना आत्ता?"

"पैसा लोकरीचा. मध्ययुगात तिथं मेंढ्या होत्या, लोकर साऱ्या युरोपात जायची. व्यापारी गबर झाले, त्यांनी मोठमोठी चर्चं बांधली, दगडी घरं बांधली. चिपिंग कॅम्डेन, बर्फर्ड, अशी गावं. मग धंदा दुसरीकडे गेला. गावात पैसा उरला नाही, जुनं पाडून नवं बांधायची ऐपत राहिली नाही. म्हणून जुनं तसंच उभं राहिलं. आता तेच पाहायला जग येतं."

काकूंचा हात थांबला. "म्हंजे गरिबीनं घरं वाचले?"

"असं गुरुजी म्हणतात."

"मंग आमच्या मामानं ते कवेलूचं घर पाडलंच नसतं तं? आज इंग्रज आले असते आंगणात सायकली घेऊन!"

गुरुजींनी सिस्टरला, आणि सिस्टरनं मला, याच्यावर एक अख्खा तास ऐकवला होता. आपल्याकडे लोकरीच्या जागी कापूस. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी झाली, तिथला कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या पऱ्हाटीवर आली. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला तो याच काळात, 1862 साली. मुख्य ठाणं आधी पुलगावजवळ कवठ्याला होतं. मग 1866 मध्ये पालकवाडीच्या जागेवर हे वर्धा शहर आखलं, आणि पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. म्हणजे आपण ज्या भिंतीवर बोलतोय तीसुद्धा कापसाचीच म्हणायची. फरक एवढाच की त्यांच्या लोकरीचा पैसा गावात राहून गेला आणि आपल्या कापसाचा पैसा गाडीत बसून गेला. हे शेवटचं वाक्य माझं. गुरुजी इतकं तिखट बोलत नाहीत.

"अन् रायले कोठी? हाटेलात?"

"लोकांच्या घरी. एक खोली, सकाळचा नाश्ता. चार वाजता चहाबरोबर स्कोन म्हणून असतो, बिस्किटाच्या अन् पावाच्या मधला काहीतरी. त्याच्यावर साय अन् जॅम."

"म्हंजे आपलं गोरसपाक बिस्कीट."

"गोरसपाक चांगला. सिस्टरनं तर इकडच्या सहलीत वाटेसाठी तोच घेतला होता, दोन डबे. संध्याकाळी मात्र तिकडे सगळे पबमध्ये. बहुतेक गावांत एक पब असतोच, तिथंच जेवण."

"पब म्हंजे..." काकूंनी भोवताली पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दारूचा?"

"हो."

"अन् गुरुजी गेले?"

"लिंबाचं सरबत प्याले म्हणे."

"हाव, म्हणे!" काकू हसल्या. "इथं आपल्या जिल्ह्यात पन्नास वर्सापासून बंदी. इथं कसं केलं मंग संध्याकाळी?"

इथं काय केलं तेच तर सांगायचं होतं. इंग्लंडाहून आल्यापासून गुरुजींच्या डोक्यात एकच. तिकडची खेडी आपण पैसे देऊन हळूहळू पाहिली, आपल्या जिल्ह्यातली खेडी मात्र आपण नोकरीत असताना फक्त बसच्या खिडकीतून पाहिली. सिस्टरचं मत वेगळं. त्या तरुणपणी लसीची पेटी कॅरिअरला बांधून सायकलनंच उपकेंद्रांवर जायच्या. त्यांनी खेडी हळूहळूच पाहिलेली, आणि घामानं पाहिलेली. पण त्या निघाल्या. का, तर म्हणाल्या, "तेव्हा कुठल्याच गावात बसून चहा प्यायला वेळ नव्हता."

संक्रांत झाली, हळदीकुंकू आटोपलं, थंडी बेताची, आणि निघाले. कंपनी नाही, नकाशा गुरुजींनी वहीत काढलेला. सामानाचं काम ओळखीच्या दुधाच्या टेम्पोवाल्याकडे. तो रोज त्याच भागात फिरतो, म्हणाला पोचवतो.

"तो?" काकूंनी कपाळावर हात मारला. "त्याच्या तोंडात तीळ भिजत नाई!"

अगदी तसंच झालं. दोघं सेवाग्रामहून हलायच्या आधी सेलूपर्यंत बातमी होती की गुरुजी सायकलनं येऊन राहिले.

सेवाग्राम आपलं रोजचंच, तिथलं काय सांगणार. पाव्हणा आला की आपण त्याला बापूकुटी दाखवून आणतो. पण गुरुजींनी सिस्टरला तिथं एक गोष्ट सांगितली ती मलाही ठाऊक नव्हती. बापूकुटी मुळात गांधीजींसाठी नव्हतीच. ती मीराबेनसाठी बांधली होती. मीराबेन म्हणजे इंग्रज आरमारातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी. तिचं बालपण सरे परगण्यात, आजोबांच्या खेड्यातल्या मोठ्या घरी गेलेलं, झाडं-घोडे यांच्यात. ती आपल्या शेगावात येऊन मातीच्या झोपडीत राहिली. तेव्हा या शेगावाला सेवाग्राम हे नावही नव्हतं, ते 1940 मध्ये पडलं. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला तिथं राहायला आले. मीराबेन त्यांच्याही आधीची. कुटीच्या भिंतीवर मातीतून उठवलेली ताडाची झाडं तिच्याच हातची. रस्ता धड नव्हता. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्यातल्या मगनवाडीहून भर उन्हात पायी यायचे आणि पायीच जायचे.

"म्हंजे ते पोट्टी तिकडचं गाव सोडून इकडं आली," काकू म्हणाल्या, "अन् हे इकडचं गाव सोडून तिकडं पाहाले गेले. वा!"

पवनारला धामच्या पुलावर बसून दोघांनी शिदोरी खाल्ली. पोळी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. गांधीजींच्या अस्थी याच पात्रात सोडल्या, म्हणून फेब्रुवारीच्या 12 तारखेला तिथं मेळा भरतो. समोर विनोबांचा आश्रम. विनोबा 1951 मध्ये याच भागातून पायी निघाले, पंचावन्न वर्षांचे होते. तेलंगणात पोचमपल्लीला पहिली जमीन दानात मिळाली आणि मग ते वर्षानुवर्षं चालतच राहिले, साऱ्या देशभर. गुरुजी म्हणाले, बिनसोबतीच्या सहलीचा मान आपल्या जिल्ह्याचा, इंग्रजांचा नाही.

"त्याइच्या संगं का कमी लोक होते?" काकू म्हणाल्या. "अन् सामान नव्हतं वागवाचं. माणसाजवळ काही नसलं का चालनं सोपं असते."

पवनारहून हमरस्ता सोडून ते नदीच्या कडेनं येळाकेळीकडं वळले. तिथं समृद्धी महामार्ग आडवा येतो. 2022 च्या डिसेंबरात सुरू झाला तो. त्यावर सायकल चालत नाही, मोटरसायकलही नाही, बंडी तर नाहीच. गावाचे लोक खालच्या बोगद्यातून इकडून तिकडे जातात. दोघं त्या बोगद्यात सावलीला थांबले. वरून गाड्या जात होत्या, आवाज नुसता सूं सूं. खाली एक म्हातारा बैलं घेऊन थांबलेला, त्यानं विचारलं, "गाडी बंद पडली का?"

"पहिला तो," मी म्हटलं. "मग तोच प्रश्न दर गावात. गाडी बंद पडली का. कोणी मेलं का. जमीन पाहाले आले का. सर्व्हे आहे का. कोणत्या पक्षाकडून."

"मंग काय सांगतलं?"

"गुरुजी खरं सांगत होते, फिरायला निघालो. कोणी मानेचना. एका ठिकाणी सिस्टर वैतागून म्हणाल्या, नवस आहे. झालं! पाणी आलं, चहा आला, बसायला खाट आली."

इंग्लंडात म्हणे उलटं. गावातून जाताना माणसं मान हलवतात, हवा छान आहे म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. दिवसभरात कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मुलाबाळांचं तर नाहीच. पहिल्या दिवशी सिस्टरना ते फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, इथं आपण मेलो तर आधी कंपनीला कळेल.

इकडे सेलूच्या अलीकडे एका पांदणीत सिस्टरच्या टायरमध्ये बाभळीचा काटा गेला. तिकडं असं झालं तर फोन करायचा, माणूस येतो. इथं फोन करायच्या आधी माणसं आली. एकानं ट्यूब काढली, दुसऱ्यानं पाण्याची परात आणली, तिसरा सुलोशन आणायला मोटरसायकलवर सुटला. परात धरून बसलेली बाई सिस्टरकडं पाहतच राहिली आणि म्हणाली, "तुमी आमच्या गावात पोलिओवाल्या बाई होत्या नं?" तिच्या पोराला यांनीच थेंब पाजलेले. ते पोरगं आता ट्यूबला पॅच लावत होतं.

"मंग त्याइले जेवल्याशिवाय सोडलं नसन."

"कुठून सोडतात! उकडलेल्या तुरीच्या शेंगा, वांग्याचं भरीत, भाकर. दुपार तिथंच गेली. गुरुजींची वही, वेळापत्रक, सगळं परातीत."

"अन् पांदण धड होती का? आमच्या इकडच्या पांदणी तं लोकाइनं वावरात घालून घेतल्या."

हा काकूंचा जिव्हाळ्याचा विषय. त्यांच्या धुऱ्याचं भांडण माझ्या लग्नाच्याही आधीचं आहे. मी सांगितलं की इंग्लंडात शेतातून जाणाऱ्या जुन्या पायवाटा 1949 च्या कायद्यानं सरकारी नकाशावर चढवल्या. शेतकऱ्यानं पायवाट नांगरली, तर पुन्हा दाबून, चालता येईल अशी करून द्यावी लागते. फाटकं असतात, उघडून जायचं आणि मागं लावून घ्यायचं, जनावर बाहेर जाऊ नये म्हणून. कुठल्या वाटेवर फक्त माणूस जाईल, कुठल्या वाटेवर घोडा आणि सायकल, तेही ठरलेलं.

"म्हंजे दुसऱ्याच्या वावरातून गेलं तरी तो काही म्हणत नाई?"

"म्हणू शकत नाही."

"अन् खून?"

"काकू!"

"बरं बापा, नाई म्हणत." काकूंनी सूप पाखडलं. पण त्यांचं मन त्या कायद्यातच अडकलेलं दिसत होतं. पुढची दोन-तीन वाक्यं त्यांनी ऐकली नाहीत.

पुढं हिंगणी आणि बोरधरण. इथं मात्र सिस्टरनं गुरुजींना नीट खडसावलं होतं. बोर म्हणजे देशातल्या लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. 2014 मध्ये तो दर्जा मिळाला. लहान असला म्हणून वाघ लहान नसतो. जंगलात सायकल न्यायचा प्रश्नच नव्हता, पण गुरुजींना वाटत होतं, धरणाच्या रस्त्यानं संध्याकाळी सूर्य बुडताना जाऊ. हिंगणीच्या चौकात लोकांनी अडवलं. बाहेरच्या रस्त्यावरही जनावर येतं, रानडुकरांसाठी लोक रात्री वावरात जागलीला बसतात, अंधारात कोण कुठं तारा सोडून ठेवतो सांगता येत नाही. गुरुजी म्हणाले, आम्ही आमच्या मनानं फिरायला निघालोय. लोक म्हणाले, फिरा नं, कोण नाही म्हणतं. आणि पुढं एक मोटरसायकल, मागं एक मोटरसायकल, मधे गुरुजी आणि सिस्टर, अशी वरात बोरधरणच्या मुक्कामापर्यंत गेली. पुढचा पोट्टा हॉर्न वाजवत होता.

काकूंना हसता हसता ठसका लागला. "मंत्र्यासारके!"

"सिस्टर म्हणाल्या, लग्नातसुद्धा एवढा मान मिळाला नव्हता."

सिंदीला काही घडलं नाही. सिंदी रेल्वे हं, सिंदी मेघे नाही. तिथला तान्हा पोळा पाहायचा तर श्रावण संपताना जायला हवं. लाकडी बैल घेऊन सारं गाव रस्त्यावर असतं तेव्हा. जानेवारीत सिंदी म्हणजे धूळ आणि कापसाचे ट्रॅक्टर. दोघं तिथून खाली समुद्रपूरकडं सटकले.

गिरडची टेकडी सायकल हातात धरून चढले. वर शेख फरीदबाबांचा दर्गा, हिंदू-मुसलमान दोन्ही जातात. माझ्या आईचा तिथं नवस होता, माझ्याच जन्माचा, म्हणून मला गिरडचं नाव निघालं की वेगळंच वाटतं. टेकडीवर ते गोल गोल दगड सापडतात. बाबांनी एका व्यापाऱ्याचा माल दगड करून टाकला, नारळाचे दगड झाले, अशी कथा आहे. गुरुजींचं म्हणणं, ज्वालामुखीच्या खडकात पोकळ्या राहतात, त्यात खनिजं बसून असे गोटे तयार होतात. सिस्टरनं एक दगड उचलला आणि ठेवून दिला. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, दोन्ही कथा खऱ्या वाटत होत्या, म्हणून घरी आणायची भीती वाटली.

"आता खरी मजा ऐका. वायगाव."

"कोणतं वायगाव? निपाणी का हळद्या?"

"बघा! तुम्ही एका सेकंदात विचारलं. टेम्पोवाल्यानं विचारलंच नाही."

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावात राहतो, हळदीच्या वायगावात. या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याची मान ताठ. मुक्काम त्याच्याकडे ठरला. टेम्पोवाल्याला गुरुजी फोनवर म्हणाले, सामान वायगावला टाक. त्याच्या डोक्यात वर्धा तालुक्यातलं वायगाव, निपाणी. हिंगणघाट रोडवरचं. त्यानं तिथं चहाच्या टपरीवर बॅगा ठेवल्या आणि गेला. इकडं दोघं घामाघूम, अंगावरच्या कपड्यानिशी दुसऱ्याच तालुक्यात. फोन लावला तर टपरीवाला म्हणतो, बॅगा सुखरूप आहेत, एक माणूस त्यावर बसला आहे.

"मंग रात्रीचं?"

"सिस्टरला त्या घरच्या सुनेनं लुगडं दिलं. गुरुजींना विद्यार्थ्याच्या वडिलांचं धोतर. फोटो आहे माझ्याकडं."

"दाखव! दाखव वं!"

मी फोन भिंतीवरून दिला. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. फोटोत अंगणात हळदीचा ढीग, दोघं खाटेवर, गुरुजींच्या धोतराचा सोगा विद्यार्थ्याच्या हातात. हळद काढायचे दिवस, सगळ्यांचे हात पिवळे. काकू बराच वेळ पाहत राहिल्या. "चांगली दिसते वं सिस्टर लुगड्यात," म्हणाल्या. "त्या इंग्रजी फोटोतल्यापरीस."

शेवटचा टप्पा हिंगणघाट ते वर्धा. तो सायकलनं झालाच नाही. हिंगणघाटच्या बाजाराच्या दिवसांत त्या रस्त्यावर कापसाचे ट्रक, गठाणी, बाजूला बांधलेले लोखंडी खांब. सिस्टरनं दोन ट्रक अंगावरून जाऊ दिले आणि सायकल आडवी घालून सांगितलं, आता टेम्पो. हे मला पटलं. आपल्याकडं खेडं पाहायला सायकल चांगली, पण एका खेड्यातून दुसऱ्यात जायला जो रस्ता आहे तो सायकलवाल्यासाठी कोणी बांधलेला नाही. आणि बाईमाणसाला वाटेत थांबायची सोय? ती सिस्टरनं ओळखीवर काढली. ज्यांची ओळख नाही त्यांनी काय करायचं?

गुरुजींकडं याचंही उत्तर तयार आहे. इंग्लंडात ब्रिस्टल ते बाथ अशी एक बंद पडलेली रेल्वे होती. 1977 मध्ये गावातल्या काही लोकांनी गट केला आणि पुढच्या काही वर्षांत त्या रुळांच्या जागेवर सायकलची वाट केली. जवळपास 21 किलोमीटर. चढ नाही, ट्रक नाही. मग तशा वाटांचं साऱ्या देशात जाळं झालं. गुरुजी म्हणतात, आपली पुलगाव-आर्वी छोटी गाडी होती ना, 1917 ची, ती बंद पडली. पस्तीस किलोमीटर. तिथं का नको?

"तिथं?" काकूंचं माहेर आर्वीकडचं. सूप भिंतीवर ठेवलं गेलं. "अवं, आमचे आर्वीचे लोक मोठ्या रेल्वेची वाट पाहून पाहून म्हातारे झाले. त्याइले सांगा, रेल्वे नाई, सायकल देतो! मारतीन गुरुजीले."

"मी तेच म्हटलं सिस्टरला."

"पण..." काकूंनी तुरीचा एक दाणा तोंडात टाकला. "त्या गाडीतून मी शाळेले गेली आहे. इतकी हळू चालायची, का पोट्टे उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचे. बाजूनं सायकलवाला गेला तं आमीच हरायचो." मग एकदम म्हणाल्या, "सिस्टरची सायकल किती गियरची आहे?"

"का?"

"विचारून रायली. यांची जुनी आहे ना माडीवर. ट्यूब बदलली तं चालन. गुडघ्याचं पाहू. आपण दोघी जाऊ. मोठं नाई, दोन रोज."

"कुठं?"

"देवळी, पुलगाव, आर्वी, कारंजा. संत्र्याचे दिवस आहेत." काकूंनी बोटं मोडायला सुरुवात केली. "पण देवळीवरून नाई जाता येत. देवळीले माही नणंद आहे. तिले समजलं का मी आली, तं सैपाकघरात घुसवन. पुलगावले यांचे चुलते. त्याइच्या घरी गेलं नाई तं राग, गेलं तं मुक्काम. आर्वी तं माहेरच. तिथं सायकलवर गेली तं भाऊ म्हनन, जावयानं घराबाहेर काढली."

"मग कारंजा?"

"कारंज्याले धाकट्याची सासुरवाडी."

"आष्टी?"

"आष्टीले कोणी नाई." काकूंचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "नाई, थांब. मागच्या वर्सी ते पोट्टी नाई का देल्ली, माह्या मावसबहिणीची... आष्टीतच देल्ली वं. बाई, तू असं कर. गुरुजीले विचार, इंग्लंडात जायले किती लागते."